तेरा वजा नऊ : फिनलंडची शाळा आणि जपानची शाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे : ‘आमच्या गावात फिनलंड पॅटर्न आणायचं चाललंय. म्हणजे गृहपाठ बंद, चाचण्या बंद. शाळा व्यवस्थापन समितीतल्या काही जणांना मात्र जपानसारखी शिस्त हवी आहे. मुलांनी वर्ग झाडावा, रांगेत जेवावं. तुम्ही दोन्हीकडच्या शाळा पाहिल्यात. यातली चांगली कोणती, आणि आम्ही सुरुवात कुठून करावी?’

बाई, मी पस्तीस वर्षं प्राथमिकचं गणित शिकवलं, त्यातली निम्मी शिक्षकांना शिकवण्यात गेली. फिनलंडमध्ये एक सत्रभर आणि जपानमध्ये तीन फेऱ्यांत मिळून चारेक महिने वर्गाच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. त्या बसण्यातून जे कळलं ते सांगते.

आधी तुमच्या समितीसमोरची दोन चित्रं थोडी दुरुस्त करते. फिनलंडमध्ये गृहपाठ आहे. थोडा आहे, पण रोज आहे. शाळा, जाणं-येणं आणि गृहपाठ धरून मुलाला विश्रांतीला आणि छंदाला वेळ उरला पाहिजे, असं तिथला मूलभूत शिक्षणाचा कायदाच सांगतो. चाचण्याही आहेत; त्या वर्गशिक्षक स्वतः काढतात आणि वरच्या वर्गांत ४ ते १० असे गुण देतात. नाही ती सगळ्या मुलांना एकाच दिवशी बसवणारी सरकारी परीक्षा. तशी एकच परीक्षा आहे, उच्च माध्यमिकच्या शेवटी, आणि ती १८५२ पासून चालत आली आहे. मध्यंतरी ‘फिनलंडनं विषयच रद्द केले’ अशी बातमी आपल्याकडे फिरली होती. २०१४ च्या अभ्यासक्रमात होतं ते एवढंच, की वर्षातून निदान एकदा अनेक विषय एकत्र गुंफणारा एक मोठा उपक्रम प्रत्येक मुलाला मिळावा. गणित गणिताच्या तासालाच होतं.

जपानचं चित्रही असंच. तिथल्या पहिली-दुसरीच्या वर्गात गेलात तर गोंगाटानं थक्क व्हाल. वीस-बावीस हात एकदम वर, ‘मी, मी’ असा घोष, आणि बाई शांतपणे उभ्या. रांग आणि शांतता जेवणाच्या आधी असते, गणिताच्या तासाला नसते.

दोन्ही देशांत सारखं किती आहे, हे आधी बघून घ्या. दोन्हीकडे मुलं दारातच बाहेरचे जोडे काढून ठेवतात. दोन्हीकडे प्राथमिकचा तास पंचेचाळीस मिनिटांचा. दोन्हीकडे दुपारी गरम जेवण. फिनलंडमध्ये १९४३ च्या कायद्यानं, १९४८ पासून सगळ्यांना फुकट, आणि जपानमध्ये १९५४ च्या शालेय भोजन कायद्यानं, जिथे जिन्नसांचा खर्च बरीच वर्षं बहुतेक ठिकाणी पालकांनीच दिला. नापास करून त्याच वर्गात बसवणं फिनलंडमध्ये फार क्वचित, जपानमध्ये जवळपास नाहीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं : पंधरा वर्षांचं होईपर्यंत सरकारी शाळेत हुशार मुलांची तुकडी वेगळी, ढ मुलांची वेगळी, असं दोन्हीकडे करत नाहीत. आपल्याकडे ‘अ’ तुकडीचा मोह भल्या भल्या शाळांना सुटत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग फरक कुठे? माझ्या अनुभवात तो दिसतो, मूल अडलं की. शाळेचं खरं काम तिथून सुरू होतं, आणि त्या क्षणी हे दोन देश अगदी वेगळ्या वाटांनी जातात.

जपानमधला एक तास सांगते. पहिलीचा वर्ग, शरद ऋतू. फळ्यावर झाडाचं चित्र आणि त्यावर तेरा काकी. काकी म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं नारिंगी फळ. नऊ तोडली, किती राहिली? बाईंनी उदाहरण लिहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो उत्तराचा नव्हताच. ‘कालपर्यंतच्या वजाबाक्यांपेक्षा आजची वेगळी कशी?’ मुलं म्हणाली, तिनातून नऊ जात नाहीत. तेच वाक्य मुलांच्याच शब्दांत फळ्यावर गेलं आणि तो त्या दिवसाचा प्रश्न झाला. अशा नेमक्या प्रश्नाला तिथले शिक्षक ‘हात्सुमोन’ म्हणतात, आणि त्यातला एकेक शब्द ते आठवडा आठवडा घासत बसतात.

मग सात-आठ मिनिटं मुलं एकटी, ठोकळे घेऊन. बाई बाकांमधून फिरत होत्या. हातात बैठकीचा नकाशा, त्यावर खुणा : हा एकेक मोजतोय, ही दशक फोडतेय, याला अजून सुरुवात सापडलेली नाही. जवळपास काहीच बोलत नव्हत्या. हे फिरणं मला आधी नुसती देखरेख वाटली. नंतर कळलं, पुढचा सगळा तास त्या याच वेळात रचत होत्या, म्हणजे कुणाला कुठल्या क्रमानं फळ्याजवळ बोलवायचं ते ठरवत होत्या.

पहिल्यांदा आला तो एकेक काढून मोजणारा. मग एक मुलगी. तिनं तेरातून आधी तीन काढले, उरलेल्या दहातून सहा. मग एक मुलगा. त्यानं तेराचे दहा आणि तीन केले, दहातून नऊ काढले, राहिला एक, त्यात तीन मिळवले, चार. आणि या सगळ्यांच्या मध्ये, अगदी ठरवून, सहा असं उत्तर लिहिणारं एक मूल. ते उत्तर बाईंनी खोडलं नाही. इतरांना विचारलं, ‘हिनं असा विचार का केला असेल?’ वर्ग विचार करू लागला. कुणीतरी म्हणालं, नवातून तीन काढले असतील, कारण तसे ते निघतात. त्या मुलीनं मान हलवली, फळ्यावरच्या झाडाकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, पण झाडावर तर तीन नव्हते, तेरा होते.

या टप्प्याला त्यांच्यात ‘नेरिआगे’ म्हणतात. मूळ क्रियापद आहे तिंबण्याचं, कणीक तिंबतात तसं. मुलांचे चार विचार एकमेकांत मळून एकजीव करायचे. तास संपला तेव्हा फळा डावीकडून उजवीकडे भरलेला होता : प्रश्न, तीन रीती, एक चूक, मुलांच्या शब्दांतला निष्कर्ष. पंचेचाळीस मिनिटांत तो एकदाही पुसला नव्हता. फळा कसा भरायचा याला ‘बान्शो’ असं स्वतंत्र नाव आहे आणि त्याचा आराखडा पाठाच्या आधी कागदावर काढलेला असतो.

तेरा वजा नऊच का, हे मी नंतर विचारलं. नऊ दहाच्या अगदी शेजारी आहे. दशक फोडलं की एक उरलेला मुलाला लगेच दिसतो. बारा वजा तीन दिलं असतं तर मुलं सुट्यांतूनच काढत गेली असती आणि दशक फोडण्याची गरजच कुणाला भासली नसती. संख्येची एवढी निवड पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या उदाहरणात केलेली असते.

यात भाषेची मदतही आहे. जपानीत तेरा म्हणजे ‘जू-सान’, दहा-तीन. शब्दातच दशक फुटलेलं आहे. फिनिशमध्ये ‘कोल्मेतोइस्ता’, म्हणजे दुसऱ्या दशकातले तीन. आपल्या ‘तेरा’त किंवा ‘एकोणतीस’मध्ये मुलाला असं काही दिसत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. मी तेव्हाही त्यांच्या बाजूनं होते. वर्गात अडणारं मूल ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना तो बदल का करावासा वाटला हे कळतं. पाढ्यांचंही तसंच. जपानी मुलं दुसरीत ‘कुकु’ म्हणतात, ‘नि इचि गा नि, नि निन गा शि’. चाल ऐकली की आपलं बे एके बे, बे दुणे चार आठवतं. पाठांतर ते करतातच, पण प्रत्येक ओळ आधी वस्तू मांडून झालेली असते.

आता फिनलंड. खरं सांगते, तिथले गणिताचे पहिले काही तास पाहून माझी निराशा झाली. बाई समोर समजावतात, मुलं पुस्तकातली पानं सोडवतात, उत्तरं तपासतात. आपल्याकडच्या एखाद्या नीट चालणाऱ्या वर्गासारखंच. काकीचं झाड नाही, चार रीतींची चर्चा नाही. वर्गात वीसच मुलं, पायांत लोकरीचे मोजे, तासानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी आणि उणे दहा तापमानातही सगळी मुलं बाहेर बर्फात. छान होतं, पण जगभरातून पथकं यायची ती हे बघायला?

तिसऱ्या आठवड्यात डोळे उघडले. एक मुलगा वजाबाकीच्या पानावर अडला होता. बाई त्याच्याजवळ बसल्या, दोन मिनिटं ऐकलं, वहीत काहीतरी टिपलं. दुसऱ्या दिवशी दारात आणखी एक बाई उभ्या. या विशेष शिक्षिका, शाळेच्याच नोकरीतल्या. त्या मुलाला आणि आणखी दोघांना घेऊन त्या शेजारच्या छोट्या खोलीत गेल्या. रोज थोडा वेळ, असे तीनेक आठवडे. नंतर मुलं वर्गात परत. ना डॉक्टरचं प्रमाणपत्र, ना ‘मतिमंद’ असा शिक्का, ना पालकांना बोलावून घाबरवणं. मी इतर मुलांना विचारलं, ते तिघं कुठे जातात? उत्तर मिळालं, ‘मीपण गेल्या वर्षी जात होतो, वाचनासाठी.’ फिनलंडमध्ये एका शैक्षणिक वर्षात साधारण पाचांतलं एक मूल अशी अर्धवेळ मदत घेत आलं आहे. एवढी मुलं जातात, म्हणून जाण्यात लाज उरत नाही.

शिवाय लहान वर्गांत आठवड्याचे काही तास अर्धा वर्ग सकाळी लवकर येतो आणि उरलेला अर्धा उशिरा घरी जातो. त्या तासांना बाईंसमोर दहाच मुलं. वाचायला शिकवण्याचं बरंचसं काम तिथे होतं. शाळेत परिचारिका, समुपदेशक, मानसतज्ज्ञ येतात आणि वर्गशिक्षिकेसोबत बसून एकेका मुलाबद्दल बोलतात. २०११ पासून या मदतीच्या तीन पायऱ्या कायद्यात होत्या : सगळ्यांना मिळणारी, थोडी जास्त आणि विशेष. शिक्षकांना त्यातली कागदपत्रं जड होत होती. ऑगस्ट २०२५ पासून ही रचना बदलली आहे. पण मूळ विचार जुनाच आहे : मूल मागे पडून वर्षभरानं निकालात दिसण्याची वाट बघायची नाही, ते अडखळलं त्याच आठवड्यात दुसरं मोठं माणूस पाठवायचं.

तर जपान मुलाची चूक वर्गाच्या मधोमध आणतो आणि तिच्यातून सगळ्यांना शिकवतो. फिनलंड अडलेल्या मुलाला हलकेच बाजूला घेतो आणि मोकळं करून परत पाठवतो. दोन्ही गोष्टींना माणसं लागतात आणि वेळ लागतो, आणि ती माणसं कशी घडतात यातही हे देश वेगळे आहेत.

फिनलंड आपला शिक्षक वर्गात पाठवण्याआधी घडवतो. १९७९ पासून पहिलीला शिकवणाऱ्यालाही पदव्युत्तर पदवी लागते. पाच वर्षं, त्यात स्वतःचा संशोधन-प्रबंध आणि विद्यापीठाला जोडलेल्या सराव-शाळांत दीर्घ काळ देखरेखीखाली शिकवणं. वर्गशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला बरीच वर्षं दहा अर्जांमागे एकालाच जागा मिळायची. अलीकडे अर्ज कमी झालेत ही तिथली काळजी आहे. एकदा शिक्षक झाला की त्याच्यावर विश्वास. शाळा तपासणी आणि पुस्तकांची सरकारी मंजुरी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गेली.

जपान शिक्षक घडवतो तो मुख्यतः नोकरीत आल्यावर, आणि तेही इतर शिक्षकांच्या देखत. ज्या तेरा वजा नऊच्या तासाबद्दल सांगितलं, तो ‘ज्युग्यो केन्क्यू’चा, म्हणजे पाठ-अभ्यासाचा तास होता. मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, चालत आलेली ही रीत आहे. मुलं घरी गेल्यावर शाळेतले सगळे शिक्षक त्याच वर्गात बसले, फळा तसाच ठेवून. दीड तास बोलणं झालं. सहा लिहिणाऱ्या मुलीला दुसऱ्या क्रमानं बोलवायला हवं होतं की तिसऱ्या? ‘वेगळी कशी’ हा शब्द योग्य होता की ‘अवघड कशामुळे’ म्हणायला हवं होतं? शेवटी बाहेरून आलेल्या जाणत्या शिक्षकानं अर्धा तास घेतला. ‘पाठ छान झाला’ असं वाक्य मला त्यात ऐकू आलं नाही, आणि बाईंचा अपमान झाला असंही कुणाला वाटलं नाही. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला होता, शिकवला फक्त एकीनं होता.

त्यांच्या टाचणात एक रकाना असतो : मुलांकडून येतील असे अपेक्षित प्रतिसाद. त्यात चुकीची उत्तरं आधीच लिहिलेली असतात. सहा हे उत्तर त्या रकान्यात होतं. आपल्या पाठ टाचणात उद्देश असतो, अध्ययन अनुभव असतो, मूल्यमापन असतं. चुका लिहायला जागा नसते. मला या एका रकान्यानं माझ्या सगळ्या प्रशिक्षणांपेक्षा जास्त शिकवलं.

याची किंमतही सांगायला हवी. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधला माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करत होता, फिनलंडमधला ३३ च्या आसपास. गंमत अशी, की प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचे तास जपानमध्ये कमी आहेत, १८. फिनलंडमध्ये वीसहून थोडे अधिक. जपानी शिक्षकाचा उरलेला वेळ पाठाच्या तयारीत जातो, तसाच संध्याकाळच्या क्रीडामंडळांत, कागदपत्रांत, पालकांच्या फोनमध्ये. जादा कामाच्या मोबदल्याऐवजी पगाराच्या ४ टक्के भत्ता, असा १९७१ चा कायदा होता. तो टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर नेण्याचं २०२५ मध्ये ठरलं. प्राथमिकच्या भरतीला आता एका जागेमागे दोन-अडीचच उमेदवार येतात. पाठ-अभ्यासाचं कौतुक करताना मी हे आकडे कधी लपवत नाही.

मुलांच्या बाबतीतही सावली गडद आहे. प्राथमिकमधला तो तिंबलेला, हसता-बोलता वर्ग माध्यमिकला गेला की बदलतो. पंधराव्या वर्षीची उच्च माध्यमिकची प्रवेश परीक्षा समोर दिसू लागते, आणि अडलेल्या मुलाला बाहेरून मदत मिळते ती ‘जुकु’त, म्हणजे शिकवणीत, पैसे भरून. नववीपर्यंतची जी मुलं वर्षात तीस दिवस किंवा त्याहून जास्त शाळेतच जाऊ शकत नाहीत त्यांची संख्या २०२३ च्या शैक्षणिक वर्षात ३,४६,४८२ होती. त्यांना ‘फुतोको’ म्हणतात. शाळकरी मुलांच्या आत्महत्या २०२२ पासून दर वर्षी पाचशेच्या वर आहेत. जो गट मुलाला उचलून धरतो तोच त्याला दाबूही शकतो. केस काळेच हवेत अशासारखे नियम टोकियोनं आपल्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांतून काढले, ते २०२२ मध्ये. शिस्तीसाठी जपानकडे बघणाऱ्या तुमच्या समितीतल्या सदस्यांना हे जरूर सांगा.

फिनलंडच्या वाट्यालाही उतार आला आहे. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात २००६ मध्ये फिनलंडचे ५४८ गुण होते, २०२२ मध्ये ४८४. जपान याच काळात ५२३ वरून ५३६ वर गेला. कारणांवर फिनलंडमध्येच मोठा वाद आहे. माझं मत विचाराल तर दोन गोष्टी बोचतात. मुलांचं, विशेषतः मुलग्यांचं, आवडीनं वाचणं आटलं. आणि वर्गात संगणक-मोबाइलचे पडदे फार भरभर शिरले. ऑगस्ट २०२५ पासून तासाला मोबाइल वापरण्यावर तिथे कायद्यानंच बंधन आलं. पालिकांनी काटकसर केली तेव्हा छोट्या खोलीत मुलं घेऊन बसणाऱ्या बाईंचे तासही आखडले, हे मला तिथल्या शिक्षकांनी तोंडी सांगितलं आहे. ज्या गोष्टीवर घर उभं होतं तीच पातळ होत गेली.

आणखी एक इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे. फिनलंडनं शिक्षकांना स्वातंत्र्य आधी दिलं नाही. चौथीनंतर मुलांची चाळण करून निम्मी बाहेर ठेवणारी जुनी पद्धत होती. १९६८ च्या कायद्यानं ती मोडून सगळ्यांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आणली. सुरुवात १९७२ मध्ये उत्तरेच्या लॅपलंडपासून केली, कारण शाळांची गरज तिथे सर्वांत जास्त होती, आणि राजधानीच्या भागात ती १९७७ मध्ये पोचली. त्या दशकात अभ्यासक्रम जाडजूड होता, तपासनीस होते, शिक्षकांची सक्तीची प्रशिक्षणं होती. गणित आणि भाषांतल्या पातळीवार तुकड्या तर १९८५ मध्ये गेल्या. मोकळीक आली ती यानंतर. २००१ मध्ये पिसाचा पहिला निकाल आल्यावर जग पाहायला गेलं तेव्हा त्याला शेवटचं पान दिसलं.

जपाननं उलट बाजूनं हाच धडा घेतला. मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून १९९८ मध्ये ठरलेला आणि २००२ पासून लागू झालेला अभ्यासक्रम साधारण तीस टक्क्यांनी हलका केला, शनिवारची शाळा पूर्ण बंद केली. हेतू निर्मळ होता. पण २००३ च्या पिसात वाचनाचे गुण ५२२ वरून ४९८ वर आले आणि देश हादरला. गंमत बघा, त्या वेळी जपानी शिक्षकांची पथकं फिनलंडला रवाना होत होती, ‘फिनलंड पद्धती’ची पुस्तकं टोकियोत खपत होती. काही वर्षांत जपाननं तास वाढवले, २००७ पासून सहावी आणि नववीला राष्ट्रीय चाचणी परत आणली. फिनलंडहून आणलेलं फारसं काही वर्गात टिकलं नाही. टिकला तो पाठ-अभ्यास, जो कुणी आणला नव्हता.

वर्ग झाडण्याबद्दल थोडक्यात, पण ठाम सांगते. जपानमध्ये सफाई आणि जेवण वाढणं ‘तोक्कात्सु’त येतं, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पांढरे डगले, टोप्या घालून पाळीनं मुलं वाढतात. सफाईच्या वीस मिनिटांत सहावीची मुलं पहिलीच्यांना फडकं पिळायला शिकवतात आणि बाईंच्या हातातही फडकं असतं. इजिप्तनं ही रीत जपानच्या मदतीनं आपल्या काही शाळांत नेली आहे. तुमच्या शाळेत करायची तर पाळीचा तक्ता आधी भिंतीवर लावा, त्यात मुलगे, मुली, सरपंचाचा नातू, सगळे असू द्या, आणि तुमचं व मुख्याध्यापकांचं नावही असू द्या. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे वर्षानुवर्षं जातीवरून आणि मुलगी असण्यावरून ठरत आलं आहे. तक्त्याशिवाय सुरू केलंत तर महिनाभरात झाडू त्याच हातांत परत जाईल. शिक्षा म्हणून तर सफाई कधीच देऊ नका.

आता सुरुवात. गृहपाठ बंद करू नका आणि वाढवूही नका, तो प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमच्या केंद्राची पुढची शिक्षण परिषद येईल, तिथे भाषणाऐवजी एक पाठ मागा. तिसरीचा घ्या : ४०२ वजा १७८. दोन-तीन शाळांतल्या शिक्षकांनी मिळून आठवडाभर आधी बसा आणि मुलं काय काय उत्तरं काढतील ते लिहा. ३७६ येईल, कारण एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारी मुलं असतात. २३४ येईल, दशकाच्या शून्याचे दहा केले पण त्यातून एककाला एक दिला हे विसरलेल्यांचं. ३२४ येईल, शतकातून घेतलं पण शतक कमी न केलेल्यांचं. ३०४ही येईल, शून्यातून सात जात नाहीत म्हणून तिथे शून्यच ठेवलेलं. प्रत्येक उत्तरामागचा विचार शब्दांत लिहा आणि फळ्यावर कुठलं आधी घ्यायचं ते ठरवा. एकीनं शिकवायचं, बाकीच्यांनी मागे बसून मुलांच्या वह्यांकडे बघायचं, शिक्षिकेकडे नाही. फळा पुसू नका. मुलं गेली की त्याच फळ्यासमोर बोला.

हा झाला जपानचा अर्धा भाग. फिनलंडचा अर्धा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी. पाठ होऊनही तीन-चार मुलं अडलेली राहतील. त्यांच्यासाठी रोज वीस मिनिटं, तीन आठवडे, काड्यांचे गठ्ठे घेऊन. तुमची शाळा द्विशिक्षकी असेल तर त्या वीस मिनिटांत दुसऱ्या शिक्षकानं दोन्ही वर्ग एकत्र बसवून गोष्ट वाचून दाखवावी. पालकांपैकी कुणी वाचणारं मिळालं तर आणखी चांगलं. तुमच्या हाताशी विशेष शिक्षिका नाही हे मला माहीत आहे, पण वीस मिनिटं काढता येतात. अडलेल्यांची नावं कुठे लिहून लावू नका, आणि कधी तरी पटकन गणित येणाऱ्या मुलांनाही त्या कोपऱ्यात घेऊन बसा, म्हणजे तिथे जाणं ही सगळ्यांचीच गोष्ट होईल.

पाठ झाला की तुमच्या मुलांनी काढलेली सगळी चुकीची उत्तरं मला पाठवा. वरच्या चारांत न बसणारं एखादं निघेलच. त्यामागे मुलानं काय विचार केला होता ते त्यालाच विचारून, त्याच्याच शब्दांत सोबत लिहा.